सदतीस सेकंदांचा अंतरा

मंडळाच्या सभेला मी गेलो तो केवळ सभेनंतर शेव-उसळ आहे असं कळलं म्हणून. परत निघालो तेव्हा मी 'कै. पिलाजीराव आदरांजली अल्बम समिती'चा निमंत्रक, परीक्षक आणि एकमेव सभासद झालो होतो, आणि शेव-उसळ संपली होती.

चूक माझीच. आमचे अध्यक्ष प्राध्यापक श्रीकृष्ण दिघे यांनी जाहीर केलं की पिलाजीरावांना जाऊन यंदा चाळीस वर्षं होतात, तेव्हा मंडळ त्यांच्या गाण्यांचा अल्बम काढणार, नव्या गायकांच्या आवाजात. टाळ्या झाल्या. मी हात वर करून विचारलं, "पण त्यांचं गाणं तर एकच आहे ना?" आमच्या मंडळात ज्याला शंका येते त्याच्याच गळ्यात काम घालतात. त्यामुळे बाकीच्या सभासदांना गेल्या कित्येक वर्षांत कसलीच शंका आलेली नाही.

गाणं खरोखर एकच आहे. पिलाजीराव बडोद्यातल्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांनी म्हणे तीसेक गाणी रचली, पण वही कुणीतरी वाचायला नेली ती नेलीच. उरली एक कॅसेट आणि त्या कॅसेटवर एक गाणं. नवरा-बायको खंडेराव मार्केटातून भाजी घेऊन चालत घरी येताहेत, एवढाच विषय.

सावकाश गं सावकाश, घर काही पळत नाही
पिशवी दे इकडे जरा, ऊन अजून ढळत नाही

असं ते सुरू होतं. बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळींत हे गाणं येत नाही असा माणूस सापडणार नाही. गणेशोत्सवाचा समारोप याच गाण्याने होतो. मुलं ते बोलायला लागायच्या आधी टाळीवर धरतात.

आता या गाण्याची खासियत सांगतो. दुसऱ्या अंतऱ्यापासून लय वाढायला लागते आणि आवाज वर चढायला लागतो. शेवटच्या अंतऱ्याला पिलाजीराव अगदी कोवळ्या, बारीक आवाजात असे काही सुटतात की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. त्या अंतऱ्याच्या शेवटच्या दोन ओळी अशा:

दिसलं आपलं दार आता, आता कसली घाई
अजून एक चक्कर मारू, वाट बघत कुणी नाही

आणि हे म्हणायचा वेग, सुटलेली गाडी पकडायला फलाटावरून धावणाऱ्या माणसाचा. 'आता कसली घाई' हे तीन शब्द मंडळाच्या इतिहासात कुणाला पाऊण सेकंदाच्या वर घेता आलेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी हा अंतरा एका श्वासात संपवून पिलाजीराव करंडक जिंकला आणि करंडकासकट त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य "वेळ किती लागला?" हे होतं.

याहून मोठी अडचण पेटीची. कॅसेटवर पिलाजीरावांची पेटी काळी एक पट्टीत सुरू होते आणि काळी तीन पट्टीत संपते. मधल्या पायऱ्या न घेता, घसरगुंडीवरून उलटं चढावं तशी. पेटीवर हे होत नाही. पण पिलाजीरावांनी केलं म्हणजे करायला हवं, म्हणून आमच्या मंडळात या गाण्याला तीन पेट्या आणि तीन वादक बसतात. एकाची काळी एक, दुसऱ्याची काळी दोन, तिसऱ्याची काळी तीन. गाणं चढेल तसा एकाने भाता सोडायचा आणि दुसऱ्याने धरायचा. तिसरा वादक पावणेचार मिनिटं नुसता बसून असतो, पण त्याचा हार सगळ्यांत मोठा असतो.

प्राध्यापक दिघ्यांनी या सगळ्यावर 'चढती लय: एक आध्यात्मिक आकलन' अशी चौसष्ट पानी पुस्तिका लिहिली आहे. मातीच्या घराकडून आत्म्याच्या घराकडे जाताना जीव कसा हलका आणि वेगवान होतो, असा तिचा आशय आहे. मी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली ती पहिल्यांदा काय वाचलं ते आठवेना म्हणून.

मी स्वतः गाणारा नाही. मी रिफायनरीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढली. तिथे एक प्रमाण नमुना असतो. येणारा प्रत्येक नमुना त्याच्याशी ताडून बघायचा. फरक मर्यादेत असेल तर पास, नाहीतर परत. मर्यादा म्हणजे मर्यादा. साहेबाचा फोन आला तरी मी आकडा कधी सरकवला नाही. चांगलं कव्हर, म्हणजे तेच गाणं दुसऱ्याने म्हटलेलं, कशाला म्हणावं, असा वाद सभेत तासभर चालला होता. कुणी म्हणे भाव हवा, कुणी म्हणे नवेपणा हवा. मला त्यात वाद घालण्यासारखं काही दिसलं नाही. मूळ टेप हा प्रमाण नमुना. शेवटचा अंतरा सदतीस सेकंद, फरक एक सेकंद इकडे-तिकडे. चढ काळी एक ते काळी तीन. मी तक्ता केला, रकाने आखले, आणि मुलाने वाढदिवसाला पाठवलेलं स्टॉपवॉच बाहेर काढलं.

वरच्या मजल्यावरच्या हसमुखभाईंना हे कळताच ते तडक खाली आले. "रमाकांतभाई, एमां ढोल नाखो," ते म्हणाले. "छेल्ले जे दोडे छे ने, ए तो गरबो ज छे. नवरात्रिमां चाली जसे!" गाण्यात ढोल घाला, त्याचा शेवट गरब्यासारखाच पळतो, हे त्यांचं म्हणणं मला अपमानास्पद वाटलं. मी त्यांना पुस्तिका दिली. मराठी वाचता येत नसल्यामुळे त्यांनी ती आदराने कपाळाला लावली.

एकूण सव्वीस जणांनी ध्वनिमुद्रणं पाठवली. सावली गावातल्या कारखान्यातले एक इंजिनिअर मोटारसायकल थांबवून, हेल्मेटमध्ये गायले होते. दोन भावांनी श्वास वाटून घेतला होता: एक ओळ याची, एक त्याची. अनीश नावाच्या तरुणाने इलेक्ट्रिक गिटारवर ते सदतीस पूर्णांक दोन दशांश सेकंदांत बसवलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण आकडा बिनचूक होता. पास.

सव्विसावं पाकीट उघडलं तर आत नाव होतं: सौ. मंदा रमाकांत देवल. म्हणजे आमचीच.

माझी बायको गाते. मी हे वाक्य इतकं साधं लिहिलं कारण घरात ते तसंच होतं. नळाला पाणी येतं, कुकरची शिट्टी होते, मंदा गाते. पिलाजीरावांचं गाणं तर ती गेली एकतीस वर्षं भाजी चिरताना म्हणत आली आहे. मंडळात मात्र तिला कधी कुणी उभं केलं नाही, कारण तिचा शेवटचा अंतरा चढत नाही. "मंदावहिनींचा गळा गोड आहे, पण दम नाही," असं दिघे नेहमी म्हणतात. तिने मला न सांगता, रीतसर अर्ज भरून, पेन ड्राइव्ह घालून पाकीट पाठवलं होतं. साठाव्या वर्षी. मला तेव्हाच काही कळायला हवं होतं.

मी स्टॉपवॉच लावलं. शेवटचा अंतरा एकोणपन्नास सेकंद. चढ शून्य. सुरुवातीला जी पट्टी, तीच शेवटी.

मी पुन्हा लावलं. एकोणपन्नास.

नात्यातलं प्रकरण असल्यामुळे मी जास्तच काटेकोर राहायचं ठरवलं. तोंडी सांगितलं असतं तर पक्षपात झाला असता. म्हणून मी मंडळाच्या कागदावर, जावक क्रमांक टाकून लिहिलं: 'आपले ध्वनिमुद्रण तपासले. शेवटचा अंतरा बारा सेकंद जास्त. चढ नाही. सबब अपात्र. कळावे.' खाली सही केली आणि पत्र पोस्टात टाकलं. तीन दिवसांनी पोस्टमनने ते माझ्याच हातात दिलं. मी ते मंदाच्या हातात दिलं.

तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "बरं."

त्या दिवसापासून घरात गाणं बंद झालं. भांडण नाही, अबोला नाही. पोळी गरम मिळत होती. पण भाजी चिरल्याचा नुसता खटखट आवाज यायचा. पहिले दोन दिवस मला वाटलं पंखा बिघडलाय, म्हणून घर सुनं वाटतंय. मी इलेक्ट्रिशियन बोलावला. तो म्हणाला पंखा उत्तम आहे.

पण निमंत्रकाला घरच्या गोष्टींत अडकून चालत नाही. निवडलेल्या अकरा जणांना घेऊन मी वाडी भागात उत्कर्ष नावाच्या तरुणाच्या स्टुडिओत गेलो. खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, वर स्टुडिओ. उत्कर्ष एरवी जागरणाची भजनं आणि कचऱ्याच्या गाडीवरच्या सूचना ध्वनिमुद्रित करतो. आमची माणसं गात असताना खाली कुणीतरी हंडा ठोकून बघायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. अकरा गाण्यांना नऊ दिवस लागले. अकरावी गायिका घसा बसून खुणेने बोलायला लागली, तेव्हा कुठे तिचा अंतरा मर्यादेत आला.

मूळ कॅसेट कंप्युटरवर घेताना उत्कर्षने कानावरचा हेडफोन बाजूला केला. "काका, एक वात कहू? खराब नका लावून घेऊ. ही पेटी वर चढतेय."

"चढणारच. तीच तर शैली आहे."

"पण पेटी चढे ज कशी? सूर तर फिक्स होय ने तेमां."

मी त्याला पुस्तिका दिली. तिच्या बऱ्याच प्रती माझ्याकडे पडून होत्या.

मग आलं गाणी इंटरनेटवर चढवण्याचं काम. ज्या संकेतस्थळावर ती टाकायची होती त्याने पहिल्याच फटक्यात दहा गाणी परत केली: एकाच नावाचं गाणं अकरा वेळा आलं आहे, हा तुमचा गोंधळ असावा. मी कळवलं की गोंधळ नाही, आदरांजली आहे. उत्तर आलं की मग नावं वेगळी द्या. 'सावकाश एक', 'सावकाश दोन' अशी नावं देऊन ते पार पडलं. पुढे संगीतकाराचा फोटो मागितला, ओळखपत्र हातात धरलेला. मी कळवलं की संगीतकार एकोणीसशे पंच्याऐंशीत वारले. त्या रकान्यात 'वारले' असा पर्यायच नव्हता. 'सक्रिय' किंवा 'निष्क्रिय'. मी जड अंतःकरणाने 'निष्क्रिय' निवडलं. दुसऱ्या दिवशी विचारणा आली: ते पुन्हा कधी सक्रिय होण्याची अपेक्षा आहे?

हे पत्र मी दिघ्यांना दाखवलं. ते गंभीरपणे म्हणाले, "आत्मा निष्क्रिय नसतो असं लिहा." मी तसं लिहिलं. दोन आठवडे काही आलं नाही. मग आलं की वारसाची संमती हवी, स्टँप पेपरवर, सहीनिशी.

वारस एकच होती. पिलाजीरावांच्या पत्नी, कमळाबाई. वय चौऱ्याऐंशी, मूलबाळ नाही, वाडीतच एका अरुंद गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहतात. दर गणेशोत्सवात त्यांना आमंत्रण जातं आणि त्या दर वर्षी येत नाहीत. पुस्तिकेत त्यांच्यावर अर्धं पान आहे: 'विरहाच्या आवेगामुळे त्या हे गीत ऐकू शकत नाहीत.'

मी गेलो तेव्हा त्या गवार मोडत बसल्या होत्या. मी स्टँप पेपर पुढे केला.

"अल्बम म्हणजे काय असतं?" त्यांनी विचारलं.

मी समजावलं.

"म्हणजे यांचंच गाणं अकरा जणांनी म्हटलंय? आधी ऐकवा. ऐकल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. यांनी तशी एकदा केली होती, तो सावकार अजून आमच्या खोल्यांचा मालक आहे."

मी मोबाइलवर पहिलं लावलं. शेवटचा अंतरा सुरू होताच त्यांनी हातातली गवारीची शेंग माझ्या मोबाइलवर रोखली. "बंद करा. हे नाही." दुसरं. "नाही." अनीशच्या गिटारला त्या म्हणाल्या, "हा कुणावर रागावलाय?" अकराच्या अकरा नापास झाली. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी एक खेप परत आली नव्हती, इथे पाऊण तासात अकरा परत.

शेवटी मी हुकमाचं पान काढलं. "काकू, सगळी बाजूला ठेवा. हे मूळ ऐका." आणि पिलाजीरावांची टेप लावली.

त्या शांतपणे ऐकत होत्या. तिसरा अंतरा लागला, आवाज चढला, आणि त्यांनी मान हलवली. "हेही नाही."

"काकू, हे स्वतः पिलाजीराव आहेत!"

"यांचा आवाज घागरीसारखा होता. हा कुणी चिमणा ओरडतोय."

माझा प्रमाण नमुनाच नापास झाला होता. कमळाबाईंनी मला पाणी दिलं आणि सांगायला लागल्या.

"त्या दिवशी वीज गेली होती. माझ्या भावाने टेपरेकॉर्डर आणला होता, सेलवर चालणारा. सेल आमच्या बॅटरीतले काढून घातले, तेही मरायला टेकलेले. मी म्हटलं, कोपऱ्यावरून नवे घेऊन या. हे म्हणाले, होईल तेवढ्यात. सेल संपत आले की फीत हळू फिरते. मग तीच फीत नीट विजेवर लावली की आतला माणूस पळत सुटतो. एवढं आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं."

"मग तुम्ही चाळीस वर्षांत सांगितलं का नाही?"

"पहिल्या वर्षी आले होते ना. यांना जाऊन चार महिने झाले होते. स्टेजवर शाल घातली, नारळ दिला. मी बोलायला तोंड उघडलं तर तुमचा तो श्रीकृष्ण म्हणाला, 'बसा वहिनी, तुम्हाला भरून आलंय.' मला भरून नव्हतं आलं हो. मला सेलचं सांगायचं होतं."

मी तसाच उत्कर्षकडे गेलो. मी सेलचं सांगताच त्याने पेटीचा सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत काळी एकवर राहील अशा बेताने टेपचा वेग उतरवत आणला. आणि कंप्युटरच्या डब्यातून एक जाड, निवांत, भरल्या पोटाच्या माणसाचा आवाज आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पिलाजीराव चालत होते. शेवटचा अंतरा आला तेव्हा माझा हात सवयीने स्टॉपवॉचवर गेला.

अठ्ठेचाळीस सेकंद.

मंदाचे एकोणपन्नास. फरक एक सेकंद, म्हणजे मर्यादेत. चढ शून्य. माझ्याच तक्त्याप्रमाणे बडोदे शहरात एकटी माझी बायको पात्र होती आणि तिला मी जावक क्रमांक टाकून अपात्र ठरवलं होतं. उत्कर्षने विचारलं, "काका, चा मागवू?" मला माझी भयंकर लाज वाटत होती.

तातडीची सभा बोलावली. मी दोन्ही टेपा वाजवून दाखवल्या, सेलचं सांगितलं. प्राध्यापक दिघे उठले. "सेल संपले असतील," ते म्हणाले, "पण ते का संपले, याचा आपण विचार केला पाहिजे." मग दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीवाल्यांनी विचारलं की आता त्यांनी काय करायचं, त्यांच्या घरी हार लावायला खास खिळे ठोकले होते. या प्रश्नाने सभेला पाझर फुटला. शेवटी ठराव झाला: 'दुरुस्त केलेली टेप पिलाजीरावांच्या सर्वमान्य शैलीशी विसंगत असल्याने मंडळ तिला मान्यता देत नाही.' पिलाजीराव स्वतःच्या गाण्यात एकमताने नापास झाले. विरोधी मत माझं होतं, पण मी निमंत्रक असल्यामुळे मला मत नव्हतं.

घरी आलो. मंदा पालक निवडत होती. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने ऐकून घेतलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सेलचं मला कुठून माहीत असणार? पण 'सावकाश' म्हणताना पळायचं कसं, ते मला कधी जमलं नाही. मला वाटायचं माझंच चुकतंय."

"काकूंकडे येशील? त्यांना म्हणून दाखवशील?"

"मी अपात्र आहे. पत्र आलंय मला."

"मंदा, ते पत्र मी रद्द करतो. आत्ता करतो."

"तोंडी नको. पोस्टाने पाठवा."

मी कागद घेतला. पाच मसुदे फाडले. सहाव्यात लिहिलं: 'संदर्भ: आमचे मागील पत्र. आपले गाणे बरोबर होते. परीक्षक गाढव होता. एकतीस वर्षे ते रोज ऐकूनही त्याला ते ऐकू आले नाही. घर फार सुने वाटते. कृपया गावे.' जावक क्रमांक टाकायला गेलो आणि टाकला नाही. पत्र टाकून आलो, आणि मग वाट बघण्याखेरीज काही नव्हतं. एकाच घरात राहणाऱ्या बाईला पाठवलेलं पत्र पोचायला चार दिवस लागतात, आणि त्या चार दिवसांत तिच्या समोर बसून आमटी ओरपताना काय वाटतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. तिसऱ्या दिवशी मी टपाल कार्यालयात जाऊन चौकशी केली. तिथले गृहस्थ म्हणाले, "काका, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच आहे, परत आलं की काय?" मी म्हटलं, तसंच समजा.

चौथ्या दिवशी पोस्टमन आला. मंदाने पत्र उभ्यानेच वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, "दुपारी जाऊ. ऊन उतरल्यावर."

कमळाबाईंकडे आधी मी उत्कर्षने दुरुस्त केलेली टेप लावली. त्यांनी डोळे मिटून सगळी ऐकली. शेवटच्या ओळीला त्यांचे ओठ जरा आवळले गेले, पण म्हणाल्या, "हं. हे ते." मी आशेने स्टँप पेपर पुढे सरकवला. त्यांनी तो मागे सरकवला. "यांचं तर आहेच. तुम्हाला दुसऱ्या कुणाचं हवंय ना?"

मग मंदा म्हणायला लागली. पेटी नाही, टाळी नाही. मांडी घालून, समोरच्या भिंतीकडे बघत. पहिल्या ओळीला तिचा आवाज कापला. गल्लीतून एक स्कूटर गेली, पण मंदा थांबली नाही. दुसऱ्या अंतऱ्याला तिला सूर मिळाला आणि मग तिने आम्हा दोघांकडे पाहिलंच नाही. शेवटच्या अंतऱ्याला, जिथे बडोद्यातली झाडून सगळी मराठी माणसं पळत सुटतात, तिथे ती आणखीच हळू झाली. 'अजून एक चक्कर मारू' एवढं म्हणून ती थांबली. किती थांबली ते मी मोजलं नाही. मग खालच्या आवाजात तिने ओळ पुरी केली: 'वाट बघत कुणी नाही.'

त्या ओळीचा अर्थ मला त्या दिवशी कळला. घरात मूल नाही, कुणी नाही, तर दोघांनी दाराशी आल्यावर काय करायचं? अजून जरा हिंडायचं. ही ओळ आम्ही चाळीस वर्षं टाळ्या पिटत, धापा टाकत म्हटली होती, आणि जिच्यासाठी ती लिहिली तिला शाल घालून खाली बसवलं होतं.

मग कमळाबाईंनी मान हलवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे असं म्हणायचे नाहीत."

मंदाने मान खाली घातली.

"शेवटच्या ओळीला हे घाई करायचेच. टेपमध्येही केलीय, ऐकलीत ना? घर जवळ आलं की यांना चहाची तलफ यायची. मी वीस वर्षं सांगत होते, बाकी काही करा, पण या ओळीला तरी जरा थांबत जा. हो हो म्हणायचे, आणि पुन्हा तेच." त्यांनी मंदाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "तू थांबलीस."

मंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"आण तो कागद," कमळाबाई तिला म्हणाल्या. मंदाने तो दिला. 'गाण्यांची संख्या: अकरा' असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. त्यांनी पेन मागितलं, मी दिलं. अकरा खोडून त्यांनी 'एक' लिहिलं, खाली सही केली, आणि मंदाला म्हणाल्या, "आता पुन्हा म्हण." मी कागद घडी घालून खिशात ठेवला. दोघींपैकी कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं, आणि समितीचा निमंत्रक, परीक्षक व एकमेव सभासद असूनही मला त्याचं काही वाटलं नाही.